भाऊंना रडवणारा खंड

प्राध्यापक श्यामकांत विजयकरांची पुस्तकं फुकटसुद्धा कोणी घेईना, तेव्हा त्यांच्या बायकोने, सुमतीबाईंनी, खोकी जमवायला सुरुवात केली. शिवाजी पार्कची त्यांची इमारत पुनर्विकासाला जाणार होती. भाड्याच्या तात्पुरत्या जागेत दोन माणसं, एक फ्रिज आणि देव मावणार होते. इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र आणि विज्ञान मावणार नव्हतं.

सरांनी जन्मभर राज्यशास्त्र शिकवलं. ज्या कॉलेजात शिकवलं तिथे फोन केला, तर तिथला ग्रंथपाल म्हणाला, "सर, आम्हीच आमची काढतोय." एका संस्थेने "विचार करून कळवतो" असं सांगितलं आणि ती अजून विचारच करत होती. रद्दीवाला तेवढा लगेच आला. त्याने एक ग्रंथ हातावर तोलला आणि म्हणाला, "पुठ्ठे काढून ठेवा काका, पुठ्ठ्याचा भाव वेगळा." सरांनी त्याला जिन्यापर्यंत सोडलं आणि दाराला आतून कडी घातली.

शेवटी लालबागच्या एका जुन्या वाचनालयातून सीमा पालवचा फोन आला. सीमा तिथली ग्रंथपाल.

"सर, सगळी द्या. आमच्याकडे स्पर्धा परीक्षेची मुलं येतात."

मुलं येत होती हे खरं, पण ती पंख्यासाठी. वाचनालयात मासिकं आणि पाककृतींची पुस्तकं सोडली तर काही हलत नव्हतं. वरचा हॉल व्यायामशाळेला द्यावा असं समितीचं जवळजवळ ठरलं होतं. कपाटं भरलेली दिसली तर निदान समितीला डंबेल्स ठेवायला जागा दिसणार नाही, असा सीमाचा विचार होता.

खोक्यांचा प्रश्न सुमतीबाईंनी सोडवला. दर उन्हाळ्यात त्या लालबागला जाऊन मसाला कुटून आणत. ओळखीच्या दुकानदाराने लाल तिखटाची रिकामी खोकी दिली. "झटकून दिलीत बरं का," असंही तो म्हणाला.

"अहो, जरा वास येतोय का हो खोक्यांना?" पुस्तकं भरताना सुमतीबाईंनी विचारलं.

"मला तर काही येत नाही."

"तुम्हाला कधी येतो?"

हेही खरंच होतं. करोनात सरांचं नाक गेलं ते परत आलंच नव्हतं. तेव्हापासून आमटी करपलीय हेही त्यांना रंगावरूनच कळे.

शनिवारी भिवा टेम्पो घेऊन आला. पुस्तकं चढवेपर्यंत संध्याकाळ झाली आणि मग त्याला कळलं की वाचनालय बंद झालंय, ते आता सोमवारीच उघडेल. त्याने टेम्पो लालबागला मसाल्याच्या दुकानासमोर लावला, त्यावर ताडपत्री घातली आणि तो भाच्याच्या साखरपुड्याला गेला. आतली तिखटाची खोकी पाहून दुकानदाराने टेम्पो मसाल्याचाच असं समजून कुटलेल्या मिरचीची पोती सोमवारपर्यंत त्यातच टाकली. मे महिना होता. रविवारभर पत्रा तापला, ताडपत्री तापली आणि आत मानवी ज्ञान मंद आचेवर मुरत राहिलं.

सोमवारी सीमाने पहिलं खोकं उघडलं आणि ती शिंकत शिंकत गॅलरीत पळाली. पण परत येऊन पुस्तकं पुसायला वेळ नव्हता. संध्याकाळी ग्रंथप्रदान सोहळा होता आणि पाहुणे म्हणून माजी नगरसेवक राजेशभाऊ येणार होते.

हा सोहळा वाचनालयाचे चिटणीस रघुनाथ परब, म्हणजे रघुकाका, यांच्या डोक्यातून निघालेला. खोकी वर चढवताना ते सीमाला म्हणाले होते, "गो, हीं पुस्तकां कोण वाचतलो? पण भाऊ येतले, फोटो येतलो. फोटो तरी वाचतीत लोक."

भाऊ आले. भाऊ म्हणजे भक्कम माणूस. दोन मोर्चांत डोकं फुटलं तरी डोळ्यांतून टिपूस काढला नव्हता, असं लोक सांगत. त्यांनी हार स्वीकारला, दिवा लावला. फोटोवाला म्हणाला, "भाऊ, एखादं पुस्तक हातात घ्या ना. वाचताय असं दाखवा."

रघुकाकांनी सगळ्यात जाड ग्रंथ त्यांच्या हातात दिला. मुंबई बेटावरच्या जमीनमहसुलाचा इतिहास, खंड दुसरा. भाऊंनी तो मधोमध उघडला, पानं फर्रकन फिरवली आणि वाचण्याचा आव आणायचा म्हणून चेहरा चांगला आत घातला.

काही क्षण काहीच झालं नाही. मग भाऊंचे ओठ थरथरले. नाकपुड्या फुलल्या. डोळे लाल झाले आणि दोन्ही डोळ्यांतून धारा लागल्या.

एवढ्या माणसांसमोर आपण का रडतोय हे भाऊंनाही नीट कळेना. पण त्यांना लोकांसमोर बोलायची सवय होती. ते उपरण्याने डोळे पुसत एवढंच म्हणाले, "वाचा... तुम्ही स्वतः वाचा. म्हणजे कळेल." आणि घाईघाईने गाडीत जाऊन बसले.

पहिल्या रांगेत सर बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी वर्गात शिकवलं होतं. मुलं झोपलेली पाहिली होती, डबा खाताना पाहिली होती. ग्रंथ उघडून रडलेला माणूस त्यांनी प्रथमच पाहिला.

घरी आल्यावर ते म्हणाले, "सुमती, समाज बदलतोय."

"बदलू दे. ती बरणी तेवढी वरून काढून द्या."

भाऊंचा व्हिडिओ रात्रीतून लालबागपासून करी रोडपर्यंतच्या सगळ्या फोनवर फिरला. 'ग्रंथ वाचून भाऊ गहिवरले.' दुसऱ्या दिवशी सीमा कुलूप काढायला आली तर दारात माणसं उभी.

"भाऊंनी वाचला तो द्या."

"तो एकच आहे. पहिल्यानेच नेला."

"मग त्याच सरांनी दिलेलं दुसरं कुठचं पण द्या."

सीमाने समाजशास्त्राचा एक ग्रंथ दिला. रांगेतल्या एका आजींनी तो तिथेच बाकावर उघडला आणि पदराला डोळे लावले. "काय गो बाय, काय भोगलां असात लोकांनी!" शेजारी मनू नावाचा परीक्षेला बसणारा मुलगा भौतिकशास्त्राच्या इतिहासावर हुंदके देत होता. त्याला पाहून त्याच्या आईने अजून दोन नेली.

खोकी उतरवताना भिवाने सांगितल्यामुळे सीमाला सगळं ठाऊक होतं. तिने मनाशी ठरवलं, कोणी विचारलं तर खरं सांगून टाकायचं. कोणी विचारलं नाही.

लोकांना वेगळीच उत्सुकता होती. भाऊ रडले, पण कशासाठी? जमीनमहसूल म्हणजे जमीन. लालबाग-परळमध्ये जमीन हा शब्द कानावर पडला की माणूस जेवणावरून उठतो. पानाच्या गादीवर चर्चा सुरू झाली. चाळी कुणाच्या जमिनीवर होत्या, टॉवर कुणाच्या जमिनीवर आहेत, हे सगळं त्या खंडात आहे. भाऊंना ते कळलं आणि पश्चात्ताप झाला. एक जण तर शपथेवर म्हणाला की खंडात त्याच्या खापरपणजोबांचं नाव आहे, फक्त अजून पान सापडलेलं नाही.

मग भाऊंच्या विरोधी गोटातला एक माणूस सभासद झाला. त्याच्या मागोमाग एका बिल्डरच्या ऑफिसमधला टाय लावलेला मुलगा आला आणि खंड दुसरा मिळेल का असं हळूच विचारून गेला. बिल्डरचा माणूस येऊन गेला हे कळताच ज्यांना शंका होती तेही सभासद झाले. भाऊंना जो तो विचारू लागला, "भाऊ, कुठल्या पानावर?" भाऊ गंभीरपणे म्हणत, "पूर्ण वाचायला लागतो तो. असं मधूनच नाही कळत."

समितीच्या बैठकीत व्यायामशाळेचा विषय निघाला तेव्हा रघुकाकाच उसळले. "ज्ञानाच्या जाग्यार दंडबैठका? लाज नाय वाटत?" आणि त्यांनी ठराव मांडला, की प्राध्यापक विजयकरांचं खंड दुसऱ्यावर जाहीर व्याख्यान ठेवावं.

सरांनी आठ दिवस तयारी केली. ग्रंथ सभासदांच्या घरोघरी फिरत होता, म्हणून त्यांनी स्मरणावर भिस्त ठेवली, आणि स्मरणात बहुतेक प्रस्तावनाच होती. व्याख्यानाच्या दिवशी हॉल भरला. जिन्यावर माणसं, गॅलरीत माणसं. सर आतल्या खोलीत पाणी पीत होते, तेव्हा सीमा दार ओढून आत आली.

"सर, एक सांगायचं होतं. आधीच सांगायला पाहिजे होतं. ती खोकी... मिरचीची होती ना?"

"हो, मग?"

"टेम्पोत पण मिरची होती. पानापानात बसलीय सर. लोक त्याने रडतायत."

सरांनी ग्लास खाली ठेवला. "भाऊ?"

"मिरची."

"त्या आजी? भोगलां म्हणणाऱ्या?"

"मिरची, सर."

"आणि भौतिकशास्त्रवाला मुलगा?"

"तो थोडा परीक्षेमुळे. बाकी मिरची."

सरांनी टिपणांच्या कागदांची घडी घालून ती खिशात कोंबली. बाहेर रघुकाका माइकवर त्यांची ओळख करून देत होते आणि त्यांना विचारवंत, महर्षी असं काय काय म्हणत होते. सीमाला वाटलं, आता हे मागच्या जिन्याने निघून जाणार.

"तुम्ही बोलू नका काही, सर. कोणाला कळणार नाही," ती हलकेच म्हणाली.

"मला कळलं ना," सर म्हणाले आणि बाहेर गेले.

माइक हातात घेऊन त्यांनी सरळ सांगून टाकलं. खोकी, टेम्पो, ताडपत्री, सगळं. "तेव्हा तुम्हाला जे आलं ते पाणी ग्रंथामुळे नव्हतं. तुमचा गैरसमज झाला, माझा तर त्याहून मोठा झाला. क्षमा करा. आता ज्यांना जायचं असेल त्यांनी खुशाल जावं."

मागून कोणीतरी खुदकन हसलं आणि हॉलभर हशा उसळला. आजी शेजारणीला म्हणाल्या, "तरीच! माका वाटला, माझां मन एवढां हळवां कधीपासून झालां?" पहिल्या रांगेतल्या राजेशभाऊंकडे सगळ्यांच्या माना वळल्या. भाऊ उठले, त्यांनी कुर्ता खाली ओढला आणि म्हणाले, "मला त्याच टायमाला समजलं होतं. पण लोक वाचायला लागलेत म्हटलं, कशाला बोला?"

त्यावर टाळ्याही पडल्या. कार्यक्रम संपल्यासारखा झाला. सर खुर्चीच्या पाठीवरची शबनम पिशवी उचलू लागले. पण लोक उठेनात. करी रोडच्या टॉवरमध्ये राहणारी दर्शना सावंत मात्र उभी राहिली. ती बँकेत नोकरी करायची आणि मागचा आठवडाभर खंड दुसरा तिच्या घरी होता.

"सर, मिरचीचं कळलं. मी तोंडाला ओढणी बांधून वाचला. पण मला एक विचारायचंय. त्यात चौथ्या प्रकरणात परळच्या माडांच्या वाड्यांचा सारा, म्हणजे जमिनीचा कर, कोण भरायचं ते दिलंय. त्यात किती तरी बायकांची नावं आहेत. मग पुढच्या प्रकरणात एक पण बाई नाही. सगळे पुरुष. त्या बायका गेल्या कुठे?"

"हां, तां माका पण विचारूचा होता," रघुकाका म्हणाले. सगळ्यांनी त्यांच्याकडे चमकून पाहिलं.

"लग्न होऊन गेल्या असतील," विरोधी गोटातला माणूस म्हणाला.

"सगळ्या एकदम?" दर्शना म्हणाली.

"कायदा बदलला असेल," टायवाला मुलगा कोपऱ्यातून बोलला. तो आलाय हे तोवर कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. "सर सांगतील ना."

सगळा हॉल सरांकडे पाहू लागला. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. चाळीस वर्षांत कुठल्याही वर्गाने त्यांच्याकडे इतक्या उत्सुकतेने पाहिलं नव्हतं, आणि नेमकं आजच त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. हा खंड त्यांना एका सत्कारात मिळाला होता. प्रस्तावना वाचून त्यांनी तो फळीवर ठेवला तो कायमचाच.

"मला माहीत नाही," सर म्हणाले. मग त्यांनीच विचारलं, "पहिल्या यादीत विधवा किती होत्या, ते दिलंय का हो त्यात?"

"दिलंय थोडं. पण तळटीपेत," दर्शना म्हणाली, आणि तिथून जी चर्चा सुरू झाली ती रघुकाकांनी हॉलचे दिवे दोनदा बंद-चालू करेपर्यंत संपली नाही.

जाताना सर सीमाच्या टेबलाशी थांबले. "सीमाताई, तो खंड जरा मला द्या. आठवड्यात आणून देतो."

सीमाने संकोचाने रजिस्टर पुढे ओढलं. "सर, तुम्ही सभासद नाही आहात."

"करून घ्या."

"घेते. पण तुमच्या आधी नंबर आहेत. आजी, मनू, तो टायवाला, आणि भाऊंनी पण नाव घातलंय. त्यांना पूर्ण वाचायचाय म्हणे."

"भाऊंच्या आधी नाही का घालता येणार?"

"सर," सीमा म्हणाली, "इथे राहायचंय मला."

रात्री सुमतीबाईंनी आमटी वाढता वाढता विचारलं, "कसं झालं व्याख्यान?"

"झालंच नाही. एका मुलीने प्रश्न विचारला. मला उत्तर येईना."

"अग्गबाई! मग हो?"

"मग काय," सर भात कालवत अगदी खुशीत म्हणाले, "नंबर लावून आलोय."