सुदेशभाऊजींचे पाच किलो

सुदेश भांबळ वजनकाट्यावर चढला, खाली वाकून पाहिलं, उतरला आणि पुन्हा चढला. काट्याने जराही माणुसकी दाखवली नाही.

"वहिनी, पाच किलो वाढलो मी!"

"असं बोलू नये, दृष्ट लागते," शैला थालीपीठ उलटत म्हणाली. "आलात तेव्हा नुसता सापळा होता."

गोष्ट नव्वद सालच्या मार्चची. सुदेश हा शैलाच्या नवऱ्याचा, विश्वासचा, नगरचा वर्गमित्र. केनियात चर्चच्या मिशनचं चिमुकलं विमान चालवायचा. जिथे धड रस्ता जात नाही अशा वस्त्यांवर औषधं न्यायची, आजारी माणसं आणायची, हे त्याचं काम. नगरहून परत जाताना तो कुवेतला खैतान भागातल्या विश्वासच्या फ्लॅटवर उतरला होता तो एका यंत्रासाठी. शैला तिथल्या हॉस्पिटलात नर्स. मिशनच्या दूरच्या दवाखान्यात ऑपरेशनची हत्यारं अजून पातेल्यात उकळतात हे कळल्यावर तिने साऱ्या नर्सेसच्या मागे लागून वाफेवर हत्यारं शुद्ध करायचं यंत्र मिळवलं होतं.

"वाढलात तर वाढलात. बिघडलं कुठे?"

"विमानाचं बिघडतं ना! आमच्याकडे पोती, पेशंट, पायलट, सगळ्यांना काट्यावर चढवतात. गुरुवारी नैरोबीहून उडायचंय. बाकीच्या जागेत लसी आहेत, त्या काढता येत नाहीत. आता एकतर यंत्र मागे राहील, नाहीतर मी. आणि मी राहिलो तर विमान कोण चालवणार?"

"मग पुढच्या खेपेला?"

"पुढची खेप पावसाळा उलटल्यावर. तोवर तिथल्या धावपट्टीचा चिखल होतो."

शैलाने उलथनं खाली ठेवलं. आठवडाभर आग्रह करकरून वाढलेली एकेक पुरणपोळी तिला त्या यंत्रातून वजा होताना दिसू लागली. तिने थालीपीठ विश्वासच्या ताटात टाकलं आणि पाहुण्यापुढे काकडी ठेवली.

दुपारी खालच्या मजल्यावरच्या नूरीभाभी जेवणाचं बोलावणं घेऊन आल्या. भाभी दापोलीच्या, पाहुण्याने नाही म्हणणं त्यांना माहीतच नव्हतं.

"भाभी, भाऊजींचा उपास आहे हो," शैलाने थाप मारली.

"उपास? मग असं बोल ना! संध्याकाळी सोडवायला बिर्याणी धाडते. उपास सोडवायचं पुण्य मला मिळू दे."

बिर्याणी आली, मागोमाग बातमी पसरली. शैला पाहुण्याला काकडीवर ठेवते! खैतानमधल्या मराठी घरांची अब्रूच पणाला लागली. कुणी शिरा आणला, कुणी श्रीखंड. शैला दारात आडवी उभी राहिली, पण सुदेश तिच्या मागून म्हणायचा, "येऊ द्या वहिनी, अन्नाला नाही म्हणू नये."

निघायच्या दिवशी तो काट्यावर चढला. आता सहा किलो झाले होते. शैलाला रडूच फुटलं. एवढ्या नर्सेसची मेहनत आपण तुपात बुडवली, असं तिला झालं. आणि तरीही गाडीत सामान चढवताना तिने बेसनाच्या लाडवांचा डबा पुढे केला.

"अगं, वजन!" विश्वास ओरडला.

"म्हणून काय माणसाला रिकाम्या हाताने पाठवू?"

"असू दे रे," सुदेश डबा छातीशी धरत म्हणाला. "नैरोबीपर्यंत मोठंच विमान आहे. तोवर मी संपवतो."

गुरुवारी संध्याकाळी नैरोबीहून फोन आला. शैलाने धावत जाऊन उचलला.

"वहिनी, यंत्र पोचलं! दवाखान्यातून दुपारी वायरलेसवरून कळवलं. उद्या ऑपरेशन आहे."

शैलाने डोळे पुसले. "देव पावला! पण तुम्ही मावलात कसे?"

"मावलो कुठे? मिशनच्या साहेबांनी मला काट्यावरून उतरवलं आणि दुसऱ्या पायलटला बसवलं. काडी पहिलवान आहे नुसता. तो चढल्यावर वजनात इतकी मोकळीक उरली, की साहेब म्हणाले, अजून काही द्यायचं असेल तर द्या. माझ्या हातात डबा त्यांनी पाहिलाच होता."

"लाडू दिलेत?"

"सगळे. विमानात एकही खाल्ला नव्हता वहिनी, पुरवून खाणार होतो. आता मिशनच्या खानावळीत उकडलेला कोबी खातोय."

शैलाने फोनवर हात दाबून धरला आणि विश्वासकडे वळली.

"अहो, नैरोबीला कोणी जातंय का बघा ना. भाऊजी तिकडे उपाशी आहेत."