डोकं उजवीकडं, पोट डावीकडं

महापुराच्या आदल्या वर्षीची, म्हणजे २०१८ सालची ही गोष्ट. तेव्हा मंगळवार पेठेत माणूस आजारी पडला की आधी शेजाऱ्यांना कळायचं आणि मागाहून डॉक्टरांना. पद्मजाबाईंचं दुखणं तर दोन गल्ल्यांना तोंडपाठ होतं. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या बाईंचं डोकं एका बाजूनं ठणकायचं आणि ते जरा उतरतंय म्हणेपर्यंत पोट सुरू व्हायचं. कधी मुरडा, कधी फुगारा, कधी नुसतीच पळापळ.

"दोन्ही एकाच ठिकाणाहून येतंय," बाई सांगायच्या. "एक पुढं येतं, दुसरं त्याच्या मागनं."

"येऊ दे की. पावणं हायत, चहा टाक," त्यांचे यजमान वसंतराव पेपरातून मान न काढता म्हणायचे.

हे सगळं बाईंनी वर्षानुवर्षं सोसलं. पण कोडोलीला भाचीच्या लग्नात जे झालं ते त्या विसरल्या नाहीत. ऐन मुहूर्ताला त्या डोक्याला फडकं बांधून आतल्या खोलीत पडल्या होत्या आणि मधूनमधून परसाकडं धावत होत्या. नणंदेनं, म्हणजे आक्कांनी, मांडवभर सांगितलं, "वैनी रुसल्यात. साडी पसंत पडली न्हाय."

आता वारणानगरला नातीचं, अनुजाचं, लग्न पंधरवड्यावर आलं होतं. बाईंनी घरात जाहीर केलं, "ह्या लग्नात मी पहिल्या रांगेत बसणार. शेवटची अक्षता टाकेपर्यंत उठणार नाही."

त्यासाठी त्या एका नव्या दवाखान्यात गेल्या. तिथं उजवीकडच्या खोलीत डोक्याचे डॉक्टर मोहित, डावीकडच्या खोलीत पोटाच्या डॉक्टर वल्लरी. दोघं नवरा-बायको. मध्ये पेशंटांचं बाकडं आणि नंबर पुकारणाऱ्या झुंबरबाई.

मोहितनं डोकं तपासून गोळी दिली. बाई पोटाचं सांगायला लागल्या, तर तो म्हणाला, "पोट समोर."

गोळीनं डोकं थांबलं आणि पोटानं उचल खाल्ली. दुसऱ्या दिवशी बाई डावीकडं गेल्या.

"ही गोळी कुणी दिली?" वल्लरीनं विचारलं.

"समोरच्या डॉक्टरांनी."

"बंद करा. चहाही आजपासून बंद. आणि समोरच्यांना सांगा, असली गोळी रिकाम्या पोटी घेऊ नका, एवढं तरी पेशंटला सांगत जा म्हणावं."

जन्मभर पाठांतर घेतलेल्या बाईंनी समोर जाऊन निरोप शब्द न शब्द सांगितला. मोहितचे कान लाल झाले. "त्यांना सांगा, चहा असा एकाएकी तोडला की डोकं दुखतं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी कळलं नाही म्हणावं."

बाई पुन्हा डावीकडं. तिथून पुन्हा उजवीकडं. शेवटी त्या बाकड्यावर बसल्या, तेव्हा डोकं आणि पोट एकदमच दुखत होतं.

"दिवाळीपास्नं बोलत न्हाईत," झुंबरबाई हळूच म्हणाल्या. "संध्याकाळी भाजी कुठली आणायची, ते बी पेशंटच सांगत्यात."

"आणि पेशंट ऐकून घेतात?"

"घेत्यात की. परवा एकजण गवारीवर अडला. म्हणाला, वांगीच आणा, मला बी आवडत्यात."

बाईंच्या मनात वारणानगरचा मांडव आला, पहिल्या रांगेतली रिकामी खुर्ची आली, आणि मांडवभर फिरणाऱ्या आक्का आल्या. त्या उठल्या आणि दोन्ही दारांच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"मोहित, वल्लरी, बाहेर या."

आवाज शाळेतला होता. दोघं आली. बाकड्यावरची माणसं सरसावून बसली.

"माझं डोकं आणि माझं पोट एकाच अंगावर आहे. मधनं रस्ता जात नाही. काय भांडायचं ते भांडा, पण माझ्या अंगावरनं ये-जा करू नका. झालंय काय तुम्हाला?"

वल्लरी खाली बघत म्हणाली, "दिवाळीत माझं डोकं फुटायला आलं होतं. हा सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाला, काम निघालं की वल्लरीचं डोकं दुखतं. डोक्याचा डॉक्टर आहे हा."

"आणि त्याच दिवशी माझं पोट बिघडलं," मोहित म्हणाला, "तर ही म्हणाली, एवढं हादडल्यावर दुसरं काय होणार. ही पोटाची डॉक्टर."

बाकडं हसलं. बाई हसल्या नाहीत. ही दोन्ही वाक्यं त्यांनी आयुष्यभर ऐकली होती.

"म्हणजे तुम्हा दोघांचं दुखणं खरं, आणि मी दोन्ही घेऊन आले तर माझा निरोप्या केलात?"

मोहितनं मान खाजवली. "तसं बाई, तुमचं बरोबर आहे. मेंदूचं आणि आतड्यांचं आपसात सारखं बोलणं चालतं. एक बिघडलं की दुसऱ्याला त्रास होतो. पुस्तकात आहे ते."

"पुस्तकातली बोलतात, मग तुम्ही का बोलत नाही?"

त्या दिवशी पहिल्यांदा दोघांनी एका टेबलाशी बसून बाईंना तपासलं. गोळी बदलली, जेवणाच्या वेळा बांधून दिल्या, चहा हळूहळू कमी करायला सांगितला. लग्नात मात्र दहीभात आणि साधं वरण, दुसरं काही नाही, असं दोघांनी एका सुरात बजावलं.

वारणानगरला बाई पहिल्या रांगेत बसल्या. शेवटच्या अक्षतेपर्यंत हलल्या नाहीत. डोकं शांत, पोट शांत. पंगतीत त्यांनी जिलेबी नाकारली, मसालेभात नाकारला, दहीभात मागून घेतला. पलीकडच्या पानावरून आक्का शेजारणीला म्हणाल्या, "बघितलंस? वैनी जेवल्या बी न्हाईत. अजून रुसल्यात."

अनुजा पुढं पुण्याला गेली. वसंतरावांना स्वतःलाच पित्त झालं आणि बाईंचा चहा ते स्वतः मोजून करायला लागले. मोहित आणि वल्लरीनं मधली जागा आत घेऊन एकच मोठी खोली केली, बाकडं दाराबाहेर ठेवलं, आणि झुंबरबाईंना कंटाळा येऊ लागला. वर्षभरानं आक्कांचंही डोकं ठणकू लागलं, मागोमाग पोट. आता दर महिन्याला त्या बाईंना बरोबर घेऊन दवाखान्यात येतात आणि बाकड्यावरच्या प्रत्येकाला समजावतात, "डोकं आणि पोट एकच असतंय बघा. आमच्या वैनींना मीच सांगितलं हे पयल्यांदा."

बाई शेजारीच बसलेल्या असतात. त्या दिवशी त्यांना घरी गेल्यावर गोळी लागतेच.