फिकट ससाण्याची ढब

जी वस्तू स्वच्छ दिसते तिच्यासाठी तज्ज्ञ लागत नाही, हे मानवी ज्ञानाचे मूळ सूत्र आहे. समोर उभ्या गाढवाला गाढव म्हणायला कोणी समिती नेमत नाही. (नेमलीच, तर तिच्यात बसायला माणसे मिळतात, हा भाग वेगळा.) परंतु आकाशात दूरवर काळपट ठिपका असेल, फोटो काढताना हात हलला असेल आणि ऊन डोळ्यांवर आले असेल, तर शास्त्राची गरज पडते. ती गरज आमची शिकारी पक्षी ओळख समिती गेली सात वर्षे भागवीत आहे.

समितीत आम्ही नऊ जण. बैठक दर रविवारी सकाळी माझ्या चष्म्याच्या दुकानात भरते, कारण माझ्याकडे खुर्च्या आहेत. भिंतीवर डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता आहे. त्याची शेवटची ओळ आमच्यापैकी सहा जणांना वाचता येत नाही. त्याने काही अडत नाही, कारण आम्ही पक्षी पाहत नाही, त्याची ढब पाहतो. पिसांचा रंग, शेपटीवरचे पट्टे वगैरे नवशिक्यांसाठी. ढब म्हणजे नेमके काय, असे एकदा एका नव्या सदस्याने विचारले होते. अध्यक्षांनी (निवृत्त मोजणी अधिकारी) त्याच्याकडे बराच वेळ नुसते पाहिले. तो पुन्हा आला नाही.

आजवरची कामगिरी अशी: एकूण फोटो चारशे बारा. पैकी अस्पष्ट तीनशे अठ्ठ्याऐंशी, सर्व ओळखले. स्पष्ट चोवीस, सर्व वादग्रस्त. झाकली मूठ सव्वा लाखाची, तसा हा प्रकार. स्पष्ट फोटोत पक्षी स्वतःच मध्ये मध्ये बोलतो आणि चर्चेचा विचका होतो. शिवाय एक अलिखित नियम आहे. सदस्याच्या फोटोला ‘घार’ म्हणायचे नाही. घार कुठेही दिसते, कुणालाही दिसते. सदस्याला घार दिसली म्हणणे म्हणजे त्याच्या घरच्या चहाला पाणी म्हणणे. बाहेरच्या माणसाचा फोटो आला, तर ती मात्र बहुधा घारच असते.

या समितीत माझे स्थान काय, हे मी स्वतः सांगणे बरे दिसत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. उत्तरेकडचा फिकट ससाणा या भागात प्रथम टिपणारा मी. फोटोत वरच्या डाव्या कोपऱ्यात एक बाकदार रेघ आहे, बाकी सगळे आकाश. समितीने तीन बैठका घेतल्या. ‘अशी ढब मी आयुष्यात पाहिली नाही,’ असे समितीतल्या गणिताच्या बाई म्हणाल्या, आणि त्या उगाच कौतुक करणाऱ्यांतल्या नव्हेत. पुढचा अध्यक्ष मीच, हे त्या दिवशी ठरले.

त्याच आठवड्यात ताईचा फोटो आला. ताई माझी थोरली बहीण. गुडघ्याचे ऑपरेशन झाल्यापासून तिचा मुक्काम गॅलरीतल्या खुर्चीत. समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर रोज दुपारी एक पक्षी येऊन बसे. अकरा दिवस तिने त्याला नुसते न्याहाळले, बाराव्या दिवशी मोबाईलवर फोटो काढला आणि मला पाठवला. खाली लिहिले होते, ‘हा कोण रे? याला हाक मारायला नाव हवंय.’

फोटो दुर्दैवाने स्पष्ट होता. डोळासुद्धा दिसत होता. समितीने दोन मिनिटांत बाजूला सारला आणि मी ताईला कळवले: ‘घार, बहुधा.’

तिचा फोन आला. “घार मला कळते. तुझ्या जन्माच्या आधीपासून कळते.” एवढेच बोलून तिने ठेवून दिला. मग आठ दिवस फोन नाही. मला वाईट वाटले. समितीच्या कामात वाईट वाटण्याची तरतूद नसल्याने मी ते कोणाला बोललो नाही.

नवव्या दिवशी कॅमेरा घेऊन तिच्याकडे गेलो. विषय टाळावा म्हणून म्हटले, “ताई, तुझाच एक फोटो काढतो.” काढला आणि दाखवला. ताईने चष्मा वर केला, खाली केला. (चष्मा माझ्याच दुकानातला.)

“अरे, हा घरात कधी शिरला?”

तिच्या डोक्यावर, पंख्याच्या खाली, वरच्या डाव्या कोपऱ्यात फिकट ससाणा उडत होता. तोच बाक, तीच ढब. मी कॅमेऱ्याचे भिंग काढून आत पाहिले. आतल्या काचेवर माझ्या दुकानातल्या चष्मे पुसायच्या फडक्याचा एक तंतू चिकटला होता. पंचवीस वर्षे मी गिऱ्हाइकांना काच कशी पुसावी हे सांगत आलो आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण इथे दिवाही माझाच होता.

तेवढ्यात ताईचा पक्षी आला आणि टाकीवर बसला. ऊन पाठीमागून, अंतर फार तर वीस हात. इतका स्वच्छ पक्षी मी सात वर्षांत पाहिला नव्हता, त्यामुळे मला ओळखता येईना. तो हलेना, धूसरही होईना. ताई माझ्या तोंडाकडे बघत होती.

“मला येत नाही, ताई,” मी म्हणालो.

“एवढंच ना? मग तसं लिहायचं की रे मेल्या. आठ दिवस जीव जाळलास माझा.” आणि तिने शेजारची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

रविवारी मी समितीपुढे तंतूची कबुली दिली. आठ विरुद्ध एक मतांनी ती फेटाळली गेली. फोटो काढणाऱ्याला आपल्या फोटोबद्दल तटस्थ राहता येत नाही, असा अभिप्राय पडला. ताईच्या फोटोचा फेरविचारही झाला आणि ‘घार’ कायम राहिली. मी तिथल्या तिथे राजीनामा खरडला. माझे अक्षर वाईट आहे. समितीने कागद दुरून पाहिला आणि ते अध्यक्षपदाचे स्वीकृतिपत्र असल्याचे ओळखले. मी आता अध्यक्ष आहे, पण रविवारी ताईच्या गॅलरीत असतो. दुकानाची किल्ली गणिताच्या बाईंकडे दिली आहे.

वाचकहो, तुम्ही आम्हाला हसलात, ते योग्यच केलेत. तुमचे मतही एव्हाना पक्के झाले आहे: ताईचा पक्षी घार नव्हता. तुम्ही तो फोटो पाहिलेला नाही. पक्षी पाहिलेला नाही. त्याचा रंग मी सांगितला नाही आणि तुम्ही विचारला नाहीत. अशा माणसांची समितीला फार गरज आहे. एक खुर्ची रिकामीच आहे. रविवारी सकाळी नऊला या. चष्मा घरी विसरलात तरी चालेल.