नावांचे दलाल दशरथआप्पा

दशरथआप्पा नावांचे दात बघतात. माणसांच्या नावांचे नव्हे, इंटरनेटवरच्या नावांचे. वेबसाइटचा जो पत्ता असतो, ज्याला शिकलेली मंडळी डोमेन म्हणतात, तो आधीच कुणीतरी घेऊन ठेवलेला असेल तर त्या मालकाकडून सोडवून आणून देणं हा आप्पांचा धंदा. नंदुरबारात, जुन्या खताच्या दुकानाच्या पुढच्या खोलीत, एका खाटेवर बसून हा माणूस बंगळूर आणि सुरतच्या लोकांचे सौदे जुळवतो. हे मला पहिल्यांदा कुणी सांगितलं तेव्हा मी हसलो होतो. मग स्वतः गेलो, आणि हसू विसरलो.

"नाव जुवान शे का म्हातारं?" आप्पांनी गेल्या गेल्या अहिराणीत विचारलं. "पयले कोनाकडे व्हतं? मारकुटं ते नही ना?"

मी सरकारी कचेरीतला कारकून. नाव मारकुटं असतं हे माझ्या नोकरीत कधी आलं नव्हतं.

आप्पांनीच मग खुलासा केला. एखादं नाव आधी जुगारवाल्यांच्या, फसवाफसवी करणाऱ्यांच्या हातात असलं, की ते बदनाम होतं. नवा मालक कितीही सज्जन असो, इंटरनेट त्याला दारात उभं करत नाही. म्हणून आधी नावाची मागची चाल बघायची, कुठे लंगडतं का ते तपासायचं, आणि मगच दावं हातात घ्यायचं. आप्पांचं निम्मं आयुष्य बैलांच्या बाजारात दलालीत गेलं. पुढे शेतात ट्रॅक्टर आले, बाजारातली बैलं कमी झाली आणि आप्पा नावांकडे वळले. जनावर बदललं, पण दलाल काही बदलला नाही.

मला नाव हवं होतं बायकोसाठी. आम्ही कोरीटचे. शेती भाऊ बघतो, आणि माझी बायको लता गावात मिरची कुटून चटणी आणि तिखट करते. माल एवढा खपायला लागला की पाकीट छापायची वेळ आली. पाकिटावर नाव तिच्या आईचं, वैजयंता, हे तिने लग्न ठरवतात तसं ठरवून टाकलं होतं. तिची आई दुसऱ्यांच्या खळ्यावर मिरच्या खुडण्यात आयुष्य घालवून गेली. तिचं नाव कुठल्या कागदावर धड लागलं नाही, ते आता पाकिटावर लागेल आणि खाली वेबसाइटचा पत्ताही त्याच नावाचा असेल, असं लताचं म्हणणं. नाशिकच्या प्रदर्शनाआधी पाकिटं छापून हवी होती. आणि बघतो तर वैजयंता नावाचा पत्ता कुणीतरी आधीच घेऊन ठेवलेला. उघडलं की पांढरं पान, आणि खाली चौकशीसाठी एक रिकामी चौकट. बाकी काही नाही.

आप्पांकडे जाण्याआधी मी एक शहाणपणा करून बसलो होतो. इंटरनेटवरूनच एक दलाल गाठला. आवाज मधाळ. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "सर, आपलं बजेट?" मी ते भाबडेपणाने सांगून टाकलं. त्यानंतर त्याच्या तोंडून जो भाव निघाला तो माझ्या बजेटच्या बरोब्बर दाराशी येऊन उभा राहिलेला. मी घाबरून फोन ठेवला.

ही हकीकत सांगून मी आप्पांना म्हणालो, "आमची तयारी अशी आहे की..." तोच आप्पांनी खाटेवरून उठून माझ्या तोंडावर हात ठेवला. अक्षरशः हात ठेवला, तोही तंबाखूचा. "भाऊ, दलालले कधी खिसा दखाडू नही," ते म्हणाले. "मी इचारं तरी सांगू नका."

असा दलाल मी जन्मात पाहिला नव्हता. गिऱ्हाइकालाच स्वतःपासून सांभाळणारा.

बैलबाजाराची एक रीत आहे. दोन माणसं भाव तोंडाने बोलत नाहीत. दलाल रुमाल टाकतो, रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबली जातात, आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही कळत नाही की काय ठरलं. आप्पांनी ही रीत तशीच्या तशी नव्या धंद्यात आणली. माझ्यासमोर बंगळूरच्या एका पोराचा व्हिडिओ कॉल आला. भावाची गोष्ट निघाली तसा आप्पांनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि मोबाइलवर टाकला.

"सर? सर, तुमचा कॅमेरा बंद पडला वाटतं," आतून आवाज आला.

"बंद नही, भाव चालू शे," आप्पा शांतपणे म्हणाले, आणि रुमालाखाली हात घालून मोबाइल चाचपत बसले. तिकडच्या पोराला काय वाटलं असेल देव जाणे. सौदा मात्र झाला.

दुसरी रीत म्हणजे पार्टीचं नाव सांगायचं नाही. घेणाऱ्याला विकणारा कळू द्यायचा नाही, विकणाऱ्याला घेणारा. त्यामुळे आप्पांच्या बोलण्यात 'मी' हा शब्दच नसे. पार्टी म्हणस. पार्टी इचारस. पार्टी आज रुसेल शे. त्यांना चहात साखर किती विचारली, तरी क्षणभर असं वाटे की पार्टीला विचारून सांगतील.

तर मी वैजयंता हे नाव सांगितलं. आप्पांच्या हातातली बशी तिथेच थांबली. त्यांनी ती खाली ठेवली, रुमालाने तोंड पुसलं आणि म्हणाले, "हाई नाव मिळाव नही." मला वाटलं, झाली घासाघीस सुरू. मी आग्रह धरला. दारी आलेल्या गिऱ्हाइकाला दलालाने परत पाठवायचं नाही, हाही बाजाराचा कायदाच. आप्पांनी नाइलाजाने मान हलवली. "देखूत. पार्टी कठीण शे."

पार्टी कठीण म्हणजे किती कठीण असावी? पहिल्या खेपेला आप्पा म्हणाले, "पार्टी इचारस, नाव लिसन काय करशात?" मी चटणी सांगितली. पुढच्या खेपेला उत्तर आलं, "पार्टी म्हणस, एवढं गोड नाव आनि त्यान्हावर तिखट?" लताने ते ऐकलं आणि तिचा चेहरा तिच्याच मालासारखा झाला. मग पार्टीला चटणी चाखायची होती. जगात कुठे वेबसाइटचा पत्ता विकणारा माणूस चटणी मागवतो? आम्ही डबा दिला. पार्टीचा निरोप आला की चटणी झ्याक शे, पण लसूण जराक कमी. त्यानंतर पार्टीला जाणून घ्यायचं होतं की ज्या बाईचं हे नाव, तिचा स्वभाव कसा होता. मग पार्टीने दुसरी नावं सुचवली, चांगली होती, लताने ती सगळी फेकून दिली. भाव मात्र पार्टी काही केल्या बोलेना.

"तुम्हना तो दलाल मधमा बसेल शे ना, तोच काही तरी करी ऱ्हायना," लता मला म्हणाली. तिच्या मनात आलं की ती कुणाच्या बापाला ऐकत नाही. छापखान्यातून रोज फोन येत होता. शेवटी एका सकाळी तिने मला न विचारता त्या पांढऱ्या पानावरच्या चौकटीत स्वतःच लिहिलं: "हे नाव मला हवं आहे. हे माझ्या घरचं नाव आहे. काय करावं लागेल ते सांगा." खाली नाव नाही, गाव नाही. फक्त नवा ईमेल, पाकिटासाठी काढलेला.

उत्तर चटकन आलं. लता मोबाइल घेऊन माझ्याकडे आली आणि तिने तो पुढे केला. मी वाचलं.

"बेटा तू शे का. जेवण जयं का. नाव तुन्हंच शे, भाव इचारू नको. मी आठेच शे, घरमा. फोन कर नही ते ये."

मी ते पुन्हा वाचलं. इंटरनेटच्या त्या अफाट पसाऱ्यात, ज्या पार्टीने आम्हाला इतके दिवस झुलवलं, ती पार्टी अहिराणीत बोलत होती. आणि अख्ख्या दुनियेत अहिराणी बोलणारा आणि नावं सांभाळणारा माणूस मला एकच ठाऊक होता. म्हणजे हा मनुष्य इतके दिवस आमच्या बाजूने स्वतःशीच घासाघीस करत होता? आमचा निरोप स्वतःला सांगायचा, स्वतः विचार करायचा, आणि स्वतःचा नकार आम्हाला आणून द्यायचा? आणि पार्टी रुसेल शे म्हणायचा तेव्हा खरंच रुसलेला असायचा?

"चला," लता म्हणाली. मी मोटारसायकल काढली. वाटेत ती आप्पांना काय काय ऐकवणार आहे याची तयारी करत होती, मला पाठीमागून ऐकू येत होती.

दार उघडंच होतं. आम्ही आत पाऊल टाकलं आणि लता दारातच थांबली.

आप्पांच्या गालांवरची पांढरी खुंटं आम्ही कायमची धरून चाललो होतो. आज दाढी गुळगुळीत. घाईत केलेली, हनुवटीला कापलेलं. अंगात पांढरा सदरा, त्याच्या घड्या अजून मोडलेल्या नाहीत. खाटेवर धुतलेली चादर. आमची चाहूल लागली तसे ते झटकन उठले, आणि आम्हाला पाहून हळूच खाली बसले.

"आज धंदा बंद शे, भाऊ," ते म्हणाले. "पार्टी सोता घर येवाव शे."

लताच्या तोंडातला सगळा तिखटपणा गेला. तिने पदर सावरला आणि जमिनीवरच बसली. "आप्पा," ती म्हणाली, "ते इंटरनेटवर मी लिखं व्हतं. तिनी नही. मी."

मी आयुष्यात बरेच चेहरे पडताना पाहिले आहेत, कचेरीत रोज पाहतो. हा चेहरा पडताना मला पाहवलं नाही. आप्पा आधी चिडले. "दलालले वलांडी गयात तुम्ही," ते म्हणाले. "बाजारमा असं कोनी करस नही." मग रुमाल उगाच उलटासुलटा करत राहिले.

आप्पांना एक मुलगी आहे, पुण्याला डॉक्टर आहे, एवढं आम्ही ऐकून होतो. तिचं नाव कधी कानावर आलं नव्हतं, कारण त्या घरात ते कुणी घेत नसे. ती वैजयंता. कॉलेजात असताना तिनेच बापाला कॉम्प्युटर शिकवला, आणि शिकवताना पहिलं नाव विकत घेतलं ते तिचं, गंमत म्हणून. पुढे तिने मोलगीकडच्या एका आदिवासी मुलाशी लग्न केलं, तिच्याबरोबर डॉक्टरकी शिकलेला. आप्पा लग्नाला गेले नाहीत.

"पोरगा सोनं शे," आप्पा म्हणाले. "मी जात देखत बसनू. आते ती डॉक्टर शे, तिना दवाखानाले एक ना एक दिवस वेबसाइट लागी. नाव सोताचं लागी. मंग ती इचारी, हाई कोनाकडे शे. तवय तिले मन्हाकडे येनंच पडी. म्हणून नाव सोडं नही."

"मग फोन का नाही केलात?" मला राहवलं नाही.

"भाऊ, जिंदगीमा मी कधी पयला भाव बोलेल नही." हे ते अभिमानाने म्हणायला गेले आणि मध्येच खाटेवरची चादर सारखी करायला लागले. "तिनी माय गयी तवय ती घर उनी व्हती. दोन्ही एकाच खोलीमा बठेल. ती बोलनी नही, मी बी बोलनू नही. दोन्ही पक्का."

मला त्यांचा राग यायला हवा होता. इतके दिवस फिरवलं होतं. पण मला भयंकर वाईट वाटत होतं, आणि त्याहून जास्त धक्का याचा, की दुसऱ्यांच्या इतक्या माणसांना बोलतं केलेल्या या माणसाने आपल्याच घरात मधलं माणूस ठेवलं नव्हतं.

लता उठली. "आप्पा, सोताना सौदामा सोता दलाल व्हतस नही," ती म्हणाली. "मधमा कोनी तरी जोयजे. नंबर सांगा."

"तुम्हनं नाव? पाकीट?"

"पाकिटवर फोन नंबर छापसूत. तुम्ही नंबर सांगा."

आप्पांनी नंबर सांगितला. कुठे बघितलं नाही, अडखळले नाहीत. लताने लावला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. पलीकडून कुणीतरी उचलला.

"ताई, मी कोरीटनी लता. तुम्ही माले वळखतस नही. तुम्हना नावनी एक वेबसाइट शे, मालक विकी ऱ्हायना. नही, विकी नही ऱ्हायना, फुकटमा दी ऱ्हायना. मी दलाल शे."

आप्पांनी खाटेची कड दोन्ही हातांनी धरली होती. त्यांनी मला खूण केली, काय म्हणस? मला काय ठाऊक. लता ऐकत होती. मग तिने फोनवर हात ठेवला आणि आमच्याकडे वळली.

"पार्टी म्हणस, नाव ऱ्हाऊ द्या. मालक कसा शे, ते सांगा."

आप्पा माझ्याकडे बघायला लागले, जणू याचं उत्तर माझ्या कचेरीत मिळतं. लताने त्यांच्याकडे नीट पाहिलं, त्या नव्या सदऱ्याकडे, कापलेल्या हनुवटीकडे, आणि फोन कानाला लावला.

"सकाळपाईन दाढी करीसन बठेल शेतस, ताई," ती म्हणाली. "तुम्हनीच वाट देखी ऱ्हायनात."