सकाळी फिट, दुपारी दिव्यांग

“संधिवात माहा हाये ना? मंग तो माह्याच टाइमटेबलनं चालन!”

नूतन कापगतेने सोमवारी संध्याकाळी दुर्गजवळच्या रिसालीतल्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात उभं राहून ही घोषणा केली. श्रोते दोनच होते. एक तिची पंधरा वर्षांची मुलगी गुंजन. दुसरे शेजारचे शामराव, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. टाइमटेबल हा शब्द कानावर पडताच शामराव खुर्चीत ताठ झाले. बरेच दिवसांत कोणी त्यांच्यासमोर इतकं चांगलं बोललं नव्हतं!

भानगड अशी होती. नूतन पोलादाच्या प्लांटमधल्या एका कँटीनमध्ये ठेकेदाराकडे पोळ्या लाटायची. नऊ वर्षं झाली होती. त्यातली शेवटची सहा वर्षं संधिवातानेही तिच्याबरोबर ड्यूटी केली. या महिन्याच्या सुरुवातीला तिच्या हातून तुरीच्या डाळीचं पातेलं सुटलं आणि अर्धी डाळ सुपरवायझर धर्मेंद्रच्या बुटात गेली. धर्मेंद्र गोंदियाकडचा, माणूस काही वाईट नव्हता. पण डाळ गरम होती!

“नूतनबाई,” तो एका पायावर नाचत म्हणाला, “एक तारखेपासून कूपनच्या खिडकीवर बसा, नाई त घरी बसा!”

घरी बसणं नूतनला परवडणारं नव्हतं. गुंजनचा बाप सात वर्षांपूर्वी “नागपूरले जाऊन येतो” म्हणून गेला, तो अजून येऊनच राहिला आहे. तेव्हा कूपनची खिडकी मिळवायचीच, असं तिने ठरवलं. आत एक खुर्ची, समोर कूपनचा गठ्ठा. लाटणं नाही, पातेलं नाही. पण ती खुर्ची दिव्यांग कार्डवाल्यासाठी राखीव होती आणि कार्डासाठी मेडिकल बोर्डाकडून निदान चाळीस टक्के अपंगत्व लिहून आणायचं होतं. बरं, खुर्ची प्लांटच्या आत. आत जायचं तर गेटपास हवा आणि गेटपाससाठी दरवर्षी फिटनेसचा कागद. म्हणजे गेटवर सिद्ध करायचं की मी ठणठणीत आहे आणि खिडकीवर सिद्ध करायचं की मी ठणठणीत नाही!

तेही नूतनने मान्य केलं असतं. पण दोन्ही तारखा एकाच मंगळवारी आल्या. फिटनेस सकाळी आठ वाजता सेक्टर दोनमधल्या एका दवाखान्यात, बोर्ड दुपारी दोन वाजता दुर्गला. आणि नूतनचा संधिवात नेमका उलट्या ड्यूटीवर! सकाळी बोटं अशी मिटलेली असायची की चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरावा लागे. काम करता करता दुपारपर्यंत ती हळूहळू सुटत. म्हणजे फिट दिसायचं तेव्हा ती आखडलेली असणार आणि आखडलेली दिसायचं तेव्हा फिट.

“तारीख बदलवून घे ना, आई,” गुंजन म्हणाली.

“बोर्डाची पुढची तारीख दोन महिन्यांनी हाये. तंवर खुर्चीत दुसरंच कोनी बसून राहीन!”

म्हणून मग टाइमटेबल ठरलं. पहाटे चारला गरम पाणी आणि मिठाची पुरचुंडी. आठला फिट. नऊला बर्फ. त्यानंतर हात न हलवता गप्प बसून राहायचं. दोनला पुरती आखडलेली.

“आई, ये तो चीटिंग है!”

“कायची चीटिंग? खोटं काय सांगून राहिली मी? सकाळचंच दुखनं दुपारी दाखवून राहिली, एवढंच!”

शामरावांनी खिशातून डायरी काढून वेळा टिपून घेतल्या आणि स्कूटर आपली, असं जाहीर केलं.

मंगळवारी पहाटे चारला पाणी उकळलं. गुंजन जांभया देत आईच्या बोटांवर पुरचुंडी फिरवत होती. साडेपाचला अंगठा हलला. साडेसहाला मधली बोटं सुटली. सातला नूतनने स्वतःच्या हाताने साडीची पिन लावली आणि आरशात बघून स्वतःलाच म्हणाली, “वा रे पठ्ठे!” गुंजन शाळेत गेली, शामरावांनी स्कूटरला किक मारली. “राइट टाइम!” ते म्हणाले.

दवाखान्यात डॉ. देवांगन मान खाली घालून लिहीत होते. त्यांनी बीपी मोजलं, भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, वजन घेतलं आणि म्हणाले, “ठीक है.”

नूतनला धक्काच बसला. ठीक है? पहाटे चारपासून माणूस मिठात हात घालून बसलंय आणि याला बीपी बघून ठीक वाटतं? उद्या कोणी शंका काढली म्हणजे? कोपऱ्यात फिनाइलच्या पाण्याने भरलेली बादली होती. नूतनने पदर खोचला आणि ती बादली उजव्या हाताने कमरेपर्यंत उचलली.

“देखो डॉक्टरसाहब! और ये देखो, बायें हाथ से!”

“अरे, अरे! रखिए उसको!”

बादली ठेवून नूतनने दहा उठाबशा काढल्या. दाराशी उभ्या असलेल्या मजुरांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी घाईघाईने ‘फिट’चा शिक्का मारला, बहुधा अकरावी उठाबशी होऊ नये म्हणून. एक कागद पदरात पडला!

आता बर्फ. रसवंतीवाल्याकडून स्टीलचा डबाभर बर्फ घेतला आणि दोन्ही हात त्यात घालून नूतन स्कूटरवर मागे बसली. लोक वळून वळून बघत होते. पण शामरावांनी आयुष्यभर दुसऱ्याने चालवलेल्या गाडीच्या शेवटच्या डब्यातून प्रवास केला होता. पुढे बसायची संधी मिळाल्यावर ते थांबतात कसले! त्यांनी स्कूटर अशी हाणली की पावणेदहालाच दुर्ग आलं. बोर्ड दोनला. साडेदहाला बर्फाचं पाणी झालं आणि अकराला पाणीही कोमट झालं.

“काही हरकत नाई,” नूतन म्हणाली. “मी आता हलतच नाई. बसल्या बसल्या आपोआप आखडन.”

आणि ती खरोखर बसली. वीस मिनिटं! तिच्या आयुष्यातला तो विक्रम असावा.

पण समोरचं दृश्य बघवेना. बोर्डासाठी साठ-सत्तर माणसं आली होती. बाकं रिकामी होती, तरी सगळे दाराशी उभे, कारण बसलं की नंबर जाईल ही भीती! कुबडीवाले उभे, काठीवाले उभे, आणि चाकाच्या खुर्चीतला एक मास्तर ढकलाढकलीत पार भिंतीला जाऊन टेकलेला. नऊ वर्षं जिने जेवणाच्या सुट्टीत तीनशे भुकेल्या माणसांची रांग सांभाळली, तिच्या डोळ्यांदेखत ही बेशिस्त! नूतनने पाय आवळले, ओठ आवळले, शेवटी उठलीच.

“शामरावकाका, डायरी आना तुमची!”

“अवं, तुले हलायचं नाई ना!”

“फक्त चिठ्ठ्या लिहितो!”

तिने डायरीची कोरी पानं फाडली, एकपासून सत्तरपर्यंत आकडे लिहिले आणि माणसं आली त्या क्रमाने चिठ्ठ्या वाटल्या. मग प्रत्येकाला बाकावर बसवलं. मग तीन म्हाताऱ्यांचे फॉर्म भरले. मग फोटो चिकटवले, एकीच्या बाटलीचं झाकण उघडलं, मास्तरची खुर्ची दाराजवळ आणली. चपराशी इतका खूश झाला की त्याने नावांची यादीच तिच्या हातात दिली आणि चहा प्यायला गेला.

दोन वाजता बोर्ड सुरू झाला. नूतन दारात उभी राहून खणखणीत आवाजात एकेक नाव पुकारत होती. कामात हात अगदी मोकळे झाले होते. वर्षभरात झाले नव्हते इतके!

“नूतन कापगते!” तिने पुकारलं. कोणी उठेना. “नूतन कापगते कोन हाये? लवकर या! मागं लोकं बसून हायेत! बोलावलं का येत नाईत, मंग म्हनतात नंबर गेला!”

कोपऱ्यातून शामराव ओरडले, “अवं, तूच ना ते!”

यादी शेजारच्याच्या हातात कोंबून नूतन आत गेली. टेबलामागे तीन डॉक्टर होते. आणि मधल्या खुर्चीत, मान खाली घालून लिहीत, डॉ. देवांगन!

बोर्डाने त्यांना हाडांचे तज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं, हे नूतनच्या टाइमटेबलात कुठेच नव्हतं. तिने पदर नाकापर्यंत ओढला.

“मुट्ठी बंद कीजिए,” शेजारच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

नूतनने दुखल्याचा चेहरा केला, पण तो पदराआड कोणाला दिसणार? मूठ मात्र झटकन मिटली.

“खोलिए.”

उघडली. नूतनने आपल्या बोटांकडे असं बघितलं, जणू ती शत्रूला जाऊन मिळाली आहेत.

“अरे, आप तो बाहर नाम पुकार रही थीं ना?” बाई म्हणाल्या. “स्टाफ हैं?”

डॉ. देवांगननी आता कुठे मान वर केली. निरखून बघितलं आणि म्हणाले, “स्टाफ नहीं. ये तो सुबह की बाल्टी हैं!”

संपलं. आता हा माणूस इथला कागद देणार नाही आणि सकाळचा परत घेईल. ना गेट, ना खिडकी! नूतनला वाटलं, इथून पळावं. मग तिला पहाटेची गुंजन आठवली, जांभया देत पुरचुंडी फिरवणारी. आणि तिने पदर मागे टाकला. रागात तिचं हिंदी संपतं, म्हणून ती सरळ मराठीत सुरू झाली.

“हो, मीच ते! बादली मीच उचलली! चारले उठून तीन घंटे हात शेकले, तवा उचलली. रोज सकाळी मले पोलक्याचे हूक लावता येत नाई, माही पोरगी लावते. तिची वेनी मी घालाले पायजे, त तेच माही वेनी घालून शाळेत जाते! लाज वाटते मले तिच्यासमोर. पन तरी मी कामावर जातो. उद्या बी जाईन, परवा बी जाईन, घरातून दुसरं कोनी जानारं नाई! आता तुमीच सांगा, मी फिट हावो का दिव्यांग हावो? मी दोन्ही हावो! तुमच्या कागदात दोन्ही बसत नाई, त मी काय करू?”

डॉ. देवांगननी तिच्या अर्जाला जोडलेल्या पाकिटातून एक्स-रे काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला.

“बैठिए,” ते म्हणाले. “आपका एक्स-रे और खून की रिपोर्ट हमने आपके आने से पहले ही देख ली थी. जोड़ घिस गए हैं, साफ दिख रहा है. एक्स-रे को क्या मालूम, सुबह है कि दोपहर?”

नूतनने बसता बसता विचारलं, “म्हंजे... बरफ की जरूरत नहीं थी?”

“कौन सा बरफ?”

“कुछ नहीं, कुछ नहीं! और सुबह वाला कागद?”

“वो भी सही है. मुझे बीपी और आँखें देखनी थीं. खिड़की पे बैठ के कूपन देने के लिए आप फिट हैं. बाल्टी उठाने को किसने कहा था?”

कोणीच सांगितलं नव्हतं, हे नूतनला कबूल करावं लागलं. डॉक्टरांनी कागदावर आकडा लिहिला. बेचाळीस टक्के.

संध्याकाळी गुंजनने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून तीनदा वाचले. “आई, बयालीस! इसमें तो सेकंड डिवीजन भी नहीं आता!”

“पास होयाले चाळीस लागत होते बाबू. दोन जास्तच भेटले,” नूतन म्हणाली. तिला हसू येत होतं आणि रडूही. मग तिने पोरीला जवळ ओढलं आणि आधी मनसोक्त रडून घेतलं.

एक तारखेला नूतन कापगते कूपनच्या खिडकीत विराजमान झाली. गुंजनने खुर्चीसाठी जुन्या चादरीची गादी शिवून दिली होती. साडेआठला नूतन ऐटीत बसली. साडेनऊला गुडघे धरले. दहाला कंबर धरली, बोटं मिटायला लागली आणि गठ्ठ्यातून एक कूपन काढायला मिनिट लागू लागलं. तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं की जो संधिवात हातपाय चालवल्याने सुटतो, तो बसून राहिल्याने वाढणारच! एवढा आटापिटा केला तो बसण्यासाठी, आणि नेमकं बसणंच अंगाला लागत नव्हतं. पण हार मानेल ती नूतन कसली? ती टेबलाला धरून उठली आणि खिडकीशी उभं राहूनच कूपन देऊ लागली. अधूनमधून चार पावलं इकडे, चार तिकडे. तासाभरात हात पुन्हा पहिल्यासारखे चालायला लागले.

अकराच्या सुमारास धर्मेंद्र फेरी मारत आला. त्याने उभी नूतन बघितली, तिच्यामागची रिकामी खुर्ची बघितली, खुर्चीवरची मऊ गादी बघितली. तो हळूच बसला, पाय लांब केले आणि डोळे मिटले.

नूतनने मागे वळून पाहिलं. हातातलं कूपन खाली ठेवलं.

“धर्मेंद्रभाऊ, उठा! मी बसो का उभी राहो, ते खुर्ची बेचाळीस टक्क्यांची हाये. तुमच्याजवळ एक तरी टक्का हाये का?”