ब्रेकच्या रंगाबाबत

सन २००३ च्या मार्च महिन्यात कृष्णात चौगले यांच्या चारचाकीचे ब्रेक करकरू लागले, आणि ही बाब त्यांच्या पत्नी निशिगंधाबाई यांनी वेळीच त्यांच्या निदर्शनास आणून दिली. निशिगंधाबाई शाहूवाडीकडच्या एका शाळेत शिक्षिका. रोज सकाळी त्या स्वतः गाडी चालवत जात. वाटेत दोन मोठे उतार आणि एक असं वळण, की तिथे ब्रेक लागला नाही तर गाडी थेट भातखाचरात. म्हणजे प्रश्न त्यांच्या जिवाचा होता. हे कृष्णातरावांना मान्य होतं. पण एका सरकारी कार्यालयात बावीस वर्षं लिपिक म्हणून काढलेला माणूस तोंडी तक्रारीवर हलत नाही. शेवटी बाईंनी वहीच्या पानावर लिहून दिलं, "ब्रेक लागत नाहीत." त्यावर कृष्णातरावांनी हिरव्या शाईत शेरा मारला, "पाहणी करावी."

पाहणी रविवारी झाली. गल्लीत जॅक लावून पुढचं चाक काढलं. आतली लोखंडी थाळी, म्हणजे डिस्क, आणि तिला दोन्ही बाजूंनी चावणारा कॅलिपर, दोन्ही गंजलेले. हा गंज पाहून कृष्णातरावांना जे सुचलं ते त्यांच्या नोकरीतून सुचलं. त्यांच्या कार्यालयात वरिष्ठांची भेट ठरली, की आधी झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना लागतो, मग फाटकाला रंग, आणि वरिष्ठ समाधानाने परत जातात. छत गळत असेल तर ते पुढच्या भेटीपर्यंत गळतं. रंग दिल्यावर तक्रार टिकत नाही, असा त्यांचा बावीस वर्षांचा अनुभव होता. शिवाय एका मासिकात त्यांनी परदेशी गाडीचे रंगवलेले ब्रेक पाहिले होते. सबब, पहिल्या टप्प्यात रंग आणि दुसऱ्या टप्प्यात दुरुस्ती, असं त्यांनी ठरवलं.

ते डबा घेऊन गल्लीत आले आणि तिथेच घोटाळा झाला. आमच्या पेठेत रंग हा खाजगी विषय नाही. आमच्या तालमीचा, म्हणजे पेठेतल्या मंडळाचा, फुटबॉल संघ आहे, त्याचा ठरलेला रंग आहे. मागच्या गल्लीतल्या तालमीचाही संघ आहे, आणि त्यांचाही रंग आहे. त्या रंगाची बादली आमच्याकडे कोणी घेत नाही. एका घरच्या लग्नात मांडवाची झालर त्या रंगाची निघाली म्हणून अर्धी पेठ न जेवता उठली होती. कृष्णातरावांच्या डब्याचं झाकण उघडलं, आणि आत नेमका तोच रंग.

पाच मिनिटांत आमच्या तालमीचे अध्यक्ष गणपतराव हजर झाले. जॅकवर टांगलेल्या गाडीकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"कृष्णात," ते म्हणाले, "गाडी तुझी हाय, पर चाकं पेठंतनं फिरत्यात की."

प्रकरण तालमीच्या बैठकीत गेलं. पहिल्या बैठकीत रंगावर चर्चा झाली, दुसऱ्या बैठकीत पहिल्या बैठकीतली भांडणं मिटवली, आणि तिसऱ्या बैठकीत तालमीचा रंग एकमताने मंजूर झाला. तोवर गाडी दोन आठवडे विटांवर उभी होती. निशिगंधाबाई पहाटेची एस.टी. गाठत होत्या आणि शाळेत उशीर झाल्याबद्दल खुलासे देत होत्या.

दरम्यान त्यांनीच उद्यमनगरातल्या गुंडू मिस्त्रींना बोलावून आणलं. मिस्त्रींनी ब्रेकमध्ये बोट घालून पाहिलं आणि डिस्कला घासून चाक थांबवणारे पॅड पार झिजलेत, आता लोखंडावर लोखंड घासतंय, असं सांगितलं. हौसच असेल तर कॅलिपरच्या बाहेरून उष्णता सोसणारा रंग मारावा, त्याला त्यांची ना नव्हती.

"पर डिस्कला न् पॅडला एक थेंब लागू द्यू नगासा," ते म्हणाले. "घासल्याबिगर गाडी थांबत न्हाय. आन् रंगावर ब्रेक घसरतोय."

ही तांत्रिक बाब चौथ्या बैठकीपुढे आली. गणपतरावांनी समक्ष जाऊन खात्री केली, की चाक बसवल्यावर कॅलिपर झाकला जातो आणि भोकांतून डिस्कच तेवढी दिसते. पेठेचा रंग आणि तो झाकलेला, हे सभेला पटण्यासारखं नव्हतं. डिस्क पूर्ण रंगवावी, तिला लागून पॅड येतात म्हणून तेही रंगवावेत, आणि मागच्या चाकांवर अन्याय नको म्हणून त्यांच्या ब्रेकचे ड्रम आतून-बाहेरून रंगवावेत, असा ठराव झाला. गुंडू मिस्त्रींचा विरोध नोंदवून घेण्यात आला आणि त्याखाली "एकमताने मंजूर" असं लिहिण्यात आलं. तालमीच्या दरवाजाचा ऑइलपेंट उरला होता, तो वापरला. दोन हात दिले. काम खरोखर सुबक झालं, हे मलाही कबूल केलं पाहिजे. मी स्वतः तिथे ब्रश धुवत होतो.

सोमवारी सकाळी नारळ फुटला. निशिगंधाबाई पर्स घेऊन बाहेर आल्या. त्यांनी नवऱ्याला एकच गोष्ट विचारली.

"पॅड बदललं काय?"

"ते दुसऱ्या टप्प्यात हाय," कृष्णातराव म्हणाले.

बाईंनी पर्स गाडीत ठेवली. मग म्हणाल्या, की शाळेची वाट आज धरणार नाही. गल्लीच्या टोकापर्यंत सावकाश नेऊन बघते, लागला ब्रेक तर उद्याचं बघू. मिस्त्री सोडले तर एवढ्या माणसांत एवढं शहाणं वाक्य इतक्या दिवसांत कोणी बोललं नव्हतं. म्हणूनच ते कोणी मनावर घेतलं नाही.

गाडी निघाली. आमच्या गल्लीला उतार आहे. सगळी मंडळी गाडीच्या दोन्ही बाजूंनी वाकून पळत होती, कारण चाक फिरताना रंग कसा दिसतो ते पाहायचं होतं. भोकांतून तो झगझगत होता. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. आत बाईंनी ब्रेक दाबला, मग पुन्हा दाबला, मग हँडब्रेक ओढला, आणि गाडी पूर्वीपेक्षा जरा जोरात निघाली. "सरका, लागंना झालाय," असं त्या ओरडल्या, ते ऐकूनही आम्ही चाकांकडेच पाहत होतो. अखेर गल्लीच्या तोंडाशी बांधकामाची वाळू पडली होती, तीत त्यांनी गाडी घातली. गाडी थांबली. बाईंचा एक हात स्टिअरिंगवर आपटून मनगटात मोडला.

गणपतराव सर्वांत आधी पोचले. ते चाकापाशी बसले.

"रंग निघाला न्हाय," ते म्हणाले, आणि मंडळींच्या जिवात जीव आला.

त्या संध्याकाळी पाचवी बैठक झाली. वाळू रस्त्यात टाकणाऱ्याचा निषेध करण्यात आला. रंगाचे दोन हात अपुरे पडल्याचा निष्कर्ष निघून तिसऱ्या हाताची शिफारस करण्यात आली. "पाहणी करावी" या शेऱ्याखाली कृष्णातरावांनी "पाहणी केली, तक्रार निकाली" असं लिहिलं.

दवाखान्यात प्लास्टर घालताना डॉक्टरांनी हे कसं झालं ते विचारलं. निशिगंधाबाईंनी सगळं सांगितलं. झिजलेले पॅड, गुंडू मिस्त्री, उतार, वाळू. डॉक्टर ऐकत होते. मग त्यांनी हातातली पट्टी थांबवली आणि आवाज खाली आणून विचारलं, "पण बाई, तुमच्या तालमीचा रंग कुठला?"

बाईंनी त्यांना सांगितलं नाही, आणि मीही तो इथे लिहिलेला नाही. ही हकीकत मी आजवर बऱ्याच जणांना ऐकवली आहे. शेवटी प्रत्येक जण तेवढंच विचारतो. तुम्हीही मघापासून तोच शोधत वाचत आलात. बाईंचा मोडलेला हात डावा होता की उजवा, हेही मी लिहिलेलं नाही. ते मात्र तुमच्या लक्षात आलं नाही.