टाळी वाजेल तिथे शब्द तोडा

इंग्रजी शब्द कुठे तोडायचा, हे अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात मला विचारा! ओळ संपत आली आणि शब्द मावत नसला की आडवी रेघ मारून उरलेला तुकडा खाली न्यायचा. पण वाटेल तिथून तोडलेला चालत नाही महाराजा!

नेमकं तेच आमच्या पोरांनी केलं. मागच्या तपासणीत साहेबांनी शेरेबुकात लाल शाईने तसं लिहूनही ठेवलं. आमच्या मुख्याध्यापिका साधना मॅडम म्हणाल्या, "भागवत सर, यंदा शेरा सुधरला न्हाई तर इंग्रजी मी घेते. तुमी खिचडी बघा."

खिचडी! बावीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या माणसाला!

मी पेटलो. पोरांना टाळ्यांनी शिकवायला लागलो. एका तुकड्याला एक टाळी. वॉ-टर, दोन टाळ्या. पो-टॅ-टो, तीन. स्कूलला एकच, म्हणून तो तोडायचाच नाही. पंधरा दिवसांत पोरं अशी तयार झाली की इंग्रजी शब्द कानावर पडला की हात आपोआप उठायचे! सपनाची आई जनकाबाई तर शाळेत भांडायलाच आली. "सर, घरात कोनी मोबाईल म्हनलं की पोरगी भाकर थापायची सोडून टाळ्या पिटते! सगळं पीठ माझ्या तोंडावर!"

मला आनंदाने नाचावंसं वाटलं.

तपासणीचे साहेब आले. वर्गात शिरताच म्हणाले, "गुड मॉर्निंग, चिल्ड्रन!"

खाडखाड पाच टाळ्या! साहेब चमकले. मग हळूच हसले.

"टुडे एज्युकेशन इज व्हेरी इम्पॉर्टंट!"

बारा टाळ्या! मी बोटांवर मोजल्या, एकही चुकली नाही. माझा ऊर भरून आला. पण साहेबांचा माझ्याहून जास्त भरून आला! बिचाऱ्यांच्या भाषणाला आजवर कोणी टाळी दिली नसावी. ते खुर्चीवरून उठले आणि पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटवर घसरले.

"साहेब, जरा वह्या बघता का?" मी वह्यांचा गठ्ठा पुढे केला.

"थांबा हो सर! लेकरं किती रंगून ऐकून राहिली!"

टाळ्या पार चावडीपर्यंत गेल्या. आमच्या गावात एवढ्या टाळ्या फक्त सत्काराला वाजतात. शाळा समितीचे अध्यक्ष दगडोबा शाल, नारळ आणि सात माणसं घेऊन धावत आले.

"काहून हो सर? सत्कार चालू केला आन् आमाला निरोप न्हाई?"

"अहो, सत्कार नाही, इंग्रजी चालू आहे!"

"मंग शाल परत नेऊ का आता?"

सत्कार झाला. सातही जण दोन-दोन शब्द बोलले. साहेबांनी इंग्रजीत आभार मानले, पाऊण तास! बाहेर त्यांचा ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता. साहेबांनी चालता चालता शेरेबुकात काहीतरी खरडलं आणि नारळ घेऊन गाडीत बसले. वह्यांचा गठ्ठा माझ्या हातात तसाच!

मॅडमनी मोठ्याने वाचलं, "विद्यार्थी अत्यंत रसिक. टाळ्या उत्कृष्ट." पुढे इंग्रजीचा रकाना कोरा. म्हणजे मागची लाल शाई कायम!

"मॅडम, त्या टाळ्या म्हणजेच इंग्रजी होतं!"

"मंग साहेबांना सांगायचं व्हतं!"

"टाळ्यांत माझं ऐकू कोणाला येणार?"

सध्या मी खिचडी बघतो. काल वाढताना सवयीने ओरडलो, "प्लेट!"

साठ ताटल्या एकदम खाली पडल्या. पण टाळी मात्र बरोबर एकच वाजली हो!